अंधेरनगरीतली मुलगी



तेरा ते अठरा या वयातली मुलं कुणी न सांगता, अभ्यासक्रमात नसताना जी पुस्तकं वाचतात, त्यांत गेल्या काही वर्षांत एक प्रकार ठळक दिसतो. भविष्यातलं एखादं राज्य असतं. त्याचे नियम क्रूर असतात, पण तिथल्या माणसांना त्यांची सवय झालेली असते. त्या राज्यात सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी असते आणि ती एके दिवशी नियम मानायचं नाकारते. इंग्रजीत अशा राज्याला ‘डिस्टोपिया’ म्हणतात. जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ साली ब्रिटिश पार्लमेंटमधल्या एका भाषणात या कुळातला शब्द वापरला होता, म्हणजे शब्द अगदी कालचा नाही. आपल्याकडे त्यासाठी अजून ठरलेला शब्द नसला, तरी कल्पना आपल्याला परकी नाही. आपण ‘अंधेरनगरी’ म्हणतो. ‘ही काय मोगलाई लागून गेली आहे का’ असं आपण चिडून विचारतो, तेव्हाही त्याच राज्याबद्दल बोलत असतो.

मला आज एवढंच मांडायचं आहे की, अशी कादंबरी मराठीत लिहायची असेल तर तिची सामग्री आपल्या बेळगाव-निपाणी भागात तयार पडली आहे. इतकंच नव्हे, तर इथला अनुभव त्या कादंबरीच्या ठरलेल्या साच्याला काही नवं शिकवू शकतो.

सुरुवात एका जुन्या गोष्टीपासून करते. बकासुराची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. ऐकताना आपलं लक्ष भीमाच्या खाण्याकडे असतं. गाडाभर भात तो एकटाच संपवतो आणि राक्षस रागानं लाल होतो, याची गंमत वाटते. पण महाभारतातलं ते प्रकरण मोठेपणी सावकाश वाचलं की अंगावर काटा येतो. एकचक्रा नगरीत दंगा नाही, पळापळ नाही. तिथे एक करार आहे. रोज एक गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडा घेऊन जाणारा एक माणूस, एवढं राक्षसाला पोचवायचं. घरांच्या पाळ्या ठरलेल्या आहेत. पाळी चुकवणाऱ्याचं सगळं कुटुंब राक्षस खातो. राजा दुबळा आहे आणि प्रजेला ते माहीत आहे. बाकीचे दिवस बाजार भरतो, लग्नं लागतात. भीमानं राक्षसाला मारल्यावर गावकरी पहिली गोष्ट कोणती करतात? काल कुणाची पाळी होती, याचा हिशेब लावतात. माझ्या मते या गोष्टीतली खरी भीती राक्षसापेक्षा त्या पाळीच्या हिशेबात आहे.

त्याच प्रकरणात एक मुलगी आहे. ज्या ब्राह्मणाच्या घरी पांडव उतरले आहेत, त्याच्या घरावर पाळी आली आहे. कुणी जायचं यावर घरात रडारड चालली आहे. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते. मग मुलगी बोलते. तिचं म्हणणं असं की, मला तर एक दिवस कुणाला तरी देऊन टाकायचंच आहे, मग आत्ताच द्या आणि बाकीचे वाचा. छोटा भाऊ गवताची काडी उगारून राक्षसाला मारायची भाषा करतो आणि त्या रडण्यात सगळ्यांना हसू येतं. कुंती हे ऐकते आणि भीमाला पाठवते. मुलीचं बोलणं तिथेच राहतं. पुढे तिचं काय झालं, हे कुणी विचारत नाही.

सुझान कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेची ‘द हंगर गेम्स’ ही कादंबरी २००८ साली आली. तिच्या मुळाशीही एक जुनी कथा आहे. अथेन्सची मुलं-मुली क्रीट बेटावरच्या मिनोटॉरला भक्ष्य म्हणून पाठवली जात, ती ग्रीक कथा. आपली बकासुराची गोष्ट तिचीच मावसबहीण म्हणायला हरकत नाही. कॉलिन्सच्या कादंबरीत पॅनेम नावाच्या राज्यात बारा जिल्हे आहेत. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडतात. ही चोवीस मुलं एकमेकांना मारतात आणि राजधानीतले लोक ते टीव्हीवर बघतात. बाराव्या, कोळशाच्या खाणींच्या जिल्ह्यातल्या कॅटनिसच्या धाकट्या बहिणीची चिठ्ठी निघते आणि कॅटनिस तिच्या जागी उभी राहते. एकचक्रेतल्या मुलीचं जे बोलणं महाभारतात अर्ध्यावर सुटलं, ते इथे पूर्ण झालं. या खेपेला गाडा मुलगीच हाकते.

त्या कादंबरीतला एक तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. गरिबाघरच्या मुलाला वर्षभराचं थोडं धान्य आणि तेल हवं असेल, तर ते मिळतं, पण त्या बदल्यात त्याच्या नावाची आणखी एक चिठ्ठी भांड्यात पडते. म्हणजे चिठ्ठी नशिबाची, पण भुकेलेल्याचं नशीब अगोदरच वजन घालून ठेवलेलं. उचल घेऊन काम करणाऱ्या माणसाला हा तपशील समजावून सांगावा लागणार नाही. दिवाळीला घेतलेली उचल पुढच्या वर्षभराच्या मजुरीतून कशी वळती होते, हे आपल्या भागातल्या कितीतरी घरांत पोरांनाही ठाऊक असतं.

आता आपल्या कपाटाकडे वळू या. मराठी बालकुमार साहित्यात साहसाची कमतरता नाही. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेनं दोन-तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या घराघरांत पोचला. ताम्हनकरांनी ‘चिंगी’ही लिहिली, हे विसरता कामा नये. जयंत नारळीकरांनी विज्ञानकथा मराठी वाचकाच्या अंगवळणी पाडली. पण संकटात उडी घेणारा बहुधा मुलगा असतो आणि विज्ञानकथेत जगाचं काय होणार ते बहुधा प्रौढ शास्त्रज्ञ ठरवतो. पंधरा वर्षांच्या मुलीनं राज्याचा नियम वाचावा, त्यातली फट ओळखावी आणि त्याची किंमत स्वतः मोजावी, अशी गोष्ट शोधायला गेलं की हात बराच वेळ रिकामा राहतो.

मराठी मुलीला हे बोलता येत नव्हतं, असं मात्र नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ताबाई ही फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मातंग समाजातली मुलगी. आपल्या समाजाला जगण्याचे कोणते नियम लावले गेले, ते कुणी लावले आणि कोणत्या धर्माच्या नावानं लावले, हे तिनं सरळ विचारलं. तिला भविष्यातलं राज्य कल्पावं लागलं नाही. ती ज्या राज्यात जन्मली, त्याचंच वर्णन तिनं केलं. मराठीत अंधेरनगरीचं पहिलं लेखन कुणाचं, असा प्रश्न आला तर मी एका शाळकरी मुलीचं नाव घेईन.

या वाटेनं आता निपाणीला येते.

निपाणीचा भूगोलच कादंबरीत शोभावा असा आहे. शहर कर्नाटकात आणि तिथली मुलं पिढ्यान्‌पिढ्या ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रातल्या कागल तालुक्यात. घरून कॉलेजला जाताना राज्य बदलतं. पुणे-बंगळूर हमरस्ता गावाला लागून जातो. १ नोव्हेंबर १९५६ ला आखलेली रेषा, १९६७चा महाजन आयोगाचा अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, हे सगळं आपल्याला पाठ आहे. पण माझा आजचा मुद्दा त्या रेषेचा नाही. रेषेच्या अलीकडे उभ्या असलेल्या वखारींचा आहे.

निपाणी म्हणजे तंबाखू. शेतातून आलेला माल वखारीत पडायचा आणि तिथे तो चाळायला, निवडायला, कुटायला बायका असायच्या. कामाचे तास लांबलचक, मजुरी तुटपुंजी, नाकातोंडात तंबाखूची धूळ आणि वरून मालक-मुकादमांचा जाच. यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, देवाला सोडलेल्या होत्या. ज्यांना दुसरं दार नव्हतं, त्या वखारीच्या दारातून आत गेल्या. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आणि ऐंशीच्या सुरुवातीला या बायका संघटित झाल्या. सुभाष जोशी, प्रा. अच्युत माने यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला.

त्यांचं म्हणणं पडद्यावरही राहिलं आहे. दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर आणि मीरा राव यांच्या ‘युगांतर’ या गटानं १९८२ साली निपाणीच्या सुमारे तीन हजार तंबाखू कामगार स्त्रियांच्या लढ्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. वखारीच्या आतलं काम त्यात दिसतं. बायका आपला अनुभव सांगतात, पुढचं पाऊल कसं टाकायचं यावर एकत्र बसून बोलतात. त्या नावातला ‘ऊब’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. ऊब म्हणजे ज्वाला नव्हे. ओलसर पानांची थप्पी रचून ठेवली की तिच्यात आतूनच उष्णता धरते. बाहेरून काडी लावावी लागत नाही. एका पानाला मात्र ऊब येत नाही. त्यासाठी थप्पी लागते.

ज्या साच्याबद्दल मी बोलत होते, त्याला इथला अनुभव पहिली गोष्ट शिकवतो ती हीच. तरुणांच्या त्या कादंबऱ्यांत नायिका एकटी असते. तिचा नेम अचूक असतो, तिला झाडावर चढता येतं, ती उपाशी राहू शकते. कॉलिन्सनं स्वतः या एकटेपणाचा धोका ओळखला आहे. तिसऱ्या भागात बंडखोरांचे पुढारीच कॅटनिसला प्रतीक म्हणून वापरून घेतात, हे तिनं दाखवलं. पण साचा एकटीचाच राहिला. निपाणीच्या वखारीत एकटी बाई उलट बोलली असती, तर दुसऱ्या दिवशी तिला कामावर घेतलं नसतं आणि गोष्ट तिथेच संपली असती. तिथे धीट बाईचं पहिलं काम होतं शेजारणीला बोलतं करणं. शेजारीण घाबरते, तिच्या पदरात तीन पोरं आहेत, तिच्यावर उचल फिरायची आहे, हे सगळं समजून घेऊन तिला सोबत आणणं. धनुष्य चालवण्यापेक्षा हे काम अवघड आहे आणि गोष्ट म्हणून ते कमी थरारक मुळीच नाही. बैठकीला आज किती जणी येतील, हा प्रश्न एखाद्या प्रकरणाच्या शेवटी सोडला, तर कोणता वाचक पान उलटणार नाही?

दुसरी गोष्ट कायद्याची. पॅनेममध्ये कायदाच क्रूर आहे, त्यामुळे शत्रू ओळखायला सोपा जातो. आपल्याकडे तसं नव्हतं. कारखान्यांचा कायदा १९४८चा. विडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६चा. कामाचे तास, सुट्टी, पिण्याचं पाणी, हवा, लहान मुलांसाठी पाळणाघर, हे सगळं त्यांत लिहिलेलं होतं. कायदा भला होता. तो फक्त अंमलाशिवाय दाराबाहेर थांबला होता. कागदावर रामराज्य आणि दाराच्या आत मोगलाई, ही आपली खास अंधेरनगरी आहे. लंडन-न्यूयॉर्कच्या लेखकाला ती कल्पनेनं रचावी लागेल, आपल्याला ती आठवावी लागेल. अशा राज्यातल्या नायिकेचं हत्यार कोणतं असेल? हजेरीचं पुस्तक. ज्या दिवशी तिला आपल्या नावापुढची खूण वाचता येईल आणि भरलेले दिवस मोजता येतील, त्या दिवशी तिचं बंड सुरू होईल. विजय म्हणजे राजवाडा जळणं नव्हे. विजय म्हणजे मजुरीच्या पावतीवर आपलं नाव असणं. अशा विजयात किशोरवाचकाला रस वाटेल का, असं मला विचारतात. आकडा चुकीचा आहे हे सगळ्यांदेखत सिद्ध करण्यात जो आनंद असतो, तो दहावीच्या मुलीला नीट माहीत असतो, असं माझं उत्तर आहे.

तिसरी गोष्ट निवडीची. कॅटनिसच्या जगात चिठ्ठी निघते. आपल्या भागात मुलीच्या केसांत जट निघायची. न विंचरलेल्या केसांचा गुंता झाला की देवीचं बोलावणं आलं असं मानून मुलीला सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडत. चिठ्ठी, पाळी आणि जट, या तिन्ही खुणा एकच काम करतात. माणसांनी घेतलेला निर्णय त्या नशिबाच्या नावावर घालतात. आणि इथेही गरिबाघरच्या मुलीच्याच डोक्यात देवी येते, हे भांड्यातल्या जास्तीच्या चिठ्ठ्यांसारखंच आहे. एकचक्रेतली मुलगी जे म्हणाली होती, की मला तर द्यायचंच आहे, त्याचा अर्थ इथे नव्यानं कळतो. कर्नाटकात देवदासी प्रथेच्या बंदीचा कायदा १९८२चा. पण कायद्याला दारापर्यंत चालवत नेणाऱ्या बायकाच होत्या. बेळगाव जिल्ह्यातल्या सीतव्वा जोडट्टी यांना लहानपणीच देवीला सोडण्यात आलं होतं. पुढे घटप्रभेच्या ‘महिला अभिवृद्धी मत्तु संरक्षण संस्थे’ या संघटनेतून त्यांनी आपल्यासारख्याच बायकांबरोबर ही प्रथा थांबवण्याचं काम केलं. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. कात्री घेऊन मुलीची जट कापणारी बाई, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. धारदार नायिका म्हणतात ती याहून वेगळी कोण?

सीतव्वांची भाषा कन्नड आहे. इथे मला सीमाभागातल्या लेखकमित्रांशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे. आपण अंधेरनगरी लिहायला बसलो, तर पहिला मोह असा होईल की राजाच्या तोंडी दुसरी भाषा घालावी. आपल्या भाषेवर अन्याय झाल्याची भावना खरी आहे, तिच्यामागे सात दशकांचा लढा आहे, आणि १९४६च्या बेळगावच्या साहित्य संमेलनानं संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला दिलेला आवाज हा आपला वारसा आहे. तो कुणी सोडावा असं मी म्हणत नाही. पण कादंबरीत भाषेलाच राक्षस केलं, की वखारीचा मालक सुटतो. उचलीचं पुस्तक लिहिणारा सुटतो. तो कोणत्या भाषेत हिशेब लिहितो, यानं मजुरी वाढत नाही. तंबाखूला भाव मिळावा म्हणून १९८१ साली शेतकरी निपाणीजवळच्या हमरस्त्यावर येऊन बसले, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ते आंदोलन झालं, ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी गेले. पानाचा भाव मागणारा माणूस कोणत्या शाळेत शिकला, हे गोळीनं पाहिलं नव्हतं.

या मातीतल्या शूर स्त्रियांची यादी पाहिली तरी हेच दिसतं. १८२४ साली कंपनी सरकारशी लढलेली कित्तूरची राणी चन्नम्मा याच जिल्ह्यातली. तिच्या आधी, १६७८च्या सुमारास, बेळवडीची मल्लम्मा लढली आणि तिच्या समोर उभी होती ती मराठा फौज. हे आपल्याला थोडं अवघड जातं. पण लेखकाला ते उपयोगाचं आहे. गढी राखणारी बाई कधी कधी आपल्या फौजेविरुद्धही उभी असते आणि तरीही ती शूरच असते. हे ज्या लेखकाला मान्य करता येतं, त्याच्या खलनायकातही माणूस उरतो आणि नायिकेतही.

आपल्या नायिकेला म्हणून दोन्ही भाषा येतील. ती घरात मराठी बोलेल, बाजारात कन्नड, आणि शेजारणीची समजूत काढताना दोन्हींची सरमिसळ. दोन लिप्यांतले फलक ती एका दमात वाचेल. तिच्या राज्यात दोन भाषांच्या मजुरांना वेगवेगळ्या पाळ्यांत कामाला लावलं असेल, म्हणजे त्यांनी एकमेकांशी बोलू नये. आणि नेमकं तिलाच दोन्हीकडचं कळत असेल. सीमेवर वाढल्याचं ओझं आपण नेहमी सांगतो. गोष्टीत ते ओझं किल्लीसारखं वापरता येईल.

अशा लेखनाला इथे पाठ आहे, पाया आहे. निपाणीत पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी आयुष्यभर इथल्या कष्टकऱ्यांचं, ड्रायव्हर-मेकॅनिकांचं, तंबाखूत राबणाऱ्या बायकांचं जग लिहिलं. दळण दळता दळता कान उघडे ठेवणं म्हणजे काय, हे त्यांच्याकडून शिकावं. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत साहित्य संमेलनं भरतात, लोक मांडवात बसून ऐकतात. लेखक आहे, वाचक आहे. मधलं एक पुस्तक नाही.

शिक्षकांना माझी विनंती अशी की, ‘माझी आवडती नायिका’ यावर निबंध लिहून घेण्याऐवजी मुलांना एक प्रश्न देऊन घरी पाठवा. तुमच्या घरात वखारीत, विडीच्या सुपापुढे किंवा शेतात राबलेली सर्वांत वयस्कर बाई कोण? आजी असेल, मावशी असेल, गल्लीतली आक्का असेल. तिला विचारा, तुमच्या वेळी कोणता नियम होता, जो सगळ्यांना चुकीचा वाटायचा आणि तरी सगळे पाळायचे? तो पहिल्यांदा कुणी मोडला? उत्तर तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. वजनाचे, मापाचे, कामाच्या प्रकारांचे, शिव्यांचे आणि धीर देण्याचे शब्द शब्दकोशात शोधून मिळणार नाहीत. त्या बायका आता वयानं थकल्या आहेत आणि हे काम पुढच्या वर्षी करू असं म्हणण्याइतका वेळ आपल्याजवळ नाही.

विद्यार्थ्यांना सांगायचं ते थोडं. इंग्रजीतल्या त्या कादंबऱ्या जरूर वाचा, मीही आवडीनं वाचते. पण वाचताना शेजारी एक वही ठेवा. पुस्तकात कुंपण आलं की आपल्या गावातलं कुंपण लिहा. चिठ्ठी आली की आपल्याकडची चिठ्ठी कोणती ते लिहा. नायिका एकटी निघाली की तिच्यासोबत आणखी कोण यायला हवं होतं, ते लिहा. वही भरेल तेव्हा तुमच्या हातात भाषांतर असणार नाही. राक्षसाकडे निघालेला गाडा, तो हाकणारी मुलगी आणि गाड्यामागून चालत येणाऱ्या तीन हजार बायका, अशी गोष्ट असेल. ती तुमच्यापैकी कुणीतरी लिहावी आणि तिचं हस्तलिखित आमच्यासारख्यांनी वाचावं, एवढी इच्छा सांगून थांबते.